पितळी बिल्ले आणि स्वस्तातला स्टँड

४ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८.१५

स्टँड मागवला. दोन वर्षं माझं रोटरी टूल नुसतं हातात धरून चालवतोय. हे म्हणजे मुठीत मावणारं मशीन. पुढे बारीक बिट लावायचं आणि बटण दाबलं की ते मिनिटाला तीस हजार फेरे घेतं. आजवर त्यानं केलेली कामं: सुटकेसचं कुलूप कापलं (किल्ली नंतर सापडली). जेवणाच्या टेबलावर एक लांब चर पडला. हिच्या चष्म्याची दांडी दुरुस्त करताना चष्म्याचे दोन चष्मे झाले.

तिन्ही प्रकरणांचा शांतपणे विचार केला. दोष हातात नाही. हाताला आधार नाही, एवढंच. स्टँड असला की टूल त्यात उभं अडकवायचं, बाजूचा दांडा ओढायचा, बिट सरळ खाली. माणसाला चुकायला जागाच उरत नाही.

तीन स्टँड पाहिले. लोखंडी, मध्यम आणि स्वस्त. स्वस्त घेतला. महाग हत्यारं नवशिक्यांसाठी असतात. लोकांचे अभिप्राय वाचले. निम्म्यांनी एकच तारा दिलाय. 'हलतो.' 'वाकडा.' 'पैसे पाण्यात.' एकानं लिहिलंय की तो आता त्यावर मोजे वाळत घालतो. या लोकांमध्ये चिकाटी नाही हे वाचतानाच कळतं.

बाबांना सांगितलं नाही. आला की एकदम दाखवीन.

६ फेब्रुवारी. संध्याकाळी ७

स्टँड अजून वाटेत. तोवर बाबांविषयी लिहून ठेवतो.

वडील, वय ब्याऐंशी. बत्तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर. नुसत्या डोळ्यानं केसाएवढा फरक सांगायचे, म्हणून दुसऱ्या खात्यातली माणसं सुटे भाग घेऊन त्यांच्याकडे यायची. गेली चार वर्षं हात थरथरतात. चहाचा कप ही धरते तेव्हा त्यांना पिता येतो. बघून वाईट वाटतं. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटतं. या घरात आता स्थिर हात माझा एकट्याचा आहे. (ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहिलं.)

मी अकरा वर्षांचा असताना त्यांनी मला एक कानस आणि लोखंडाचा तुकडा दिला. सपाट कर म्हणाले. चार दिवस घासला. त्यांनी तो उजेडासमोर धरला, माझ्या हातातून कानस काढून घेतली, पुसली आणि खणात ठेवली. पुन्हा कधी दिलीही नाही. मला वाटतं, त्यांना तेव्हाच स्पर्धेची भीती वाटली असावी.

९ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ८

आला. खोका इतका हलका की कुरिअरवाला म्हणाला, साहेब, आत काही आहे ना बघून घ्या. हलका म्हणजे आधुनिक.

पुस्तिकेत लिहिलंय जोडणीला पंधरा मिनिटं. मला तीन तास लागले, कारण मी काळजीपूर्वक करतो. सहा स्क्रू लागतात, पाच आलेत. पाचच पुरतात असं कंपनीच्या नंतर लक्षात आलं असेल. टूल ज्या कड्यात बसतं ते कडं प्लॅस्टिकचं आहे आणि थोडं सैल आहे. धातूला श्वास घ्यायला जागा हवी.

हिनं विचारलं, हा एवढा हलायलाच हवा का? मी समजावलं की उंच इमारतीसुद्धा वाऱ्यात हलतात, म्हणून तर पडत नाहीत. ती परत मशीनवर बसली. ही घरी शिलाईचं काम करते. लोकांच्या पँटी आखूड करणं, चेन बदलणं, पडद्यांना पट्टी मारणं. त्यात सर्जनशील असं काही नाही, पण तिचा वेळ जातो.

ऑनलाइन पाच तारे दिले. अजून वापरला नाही, पण कुणीतरी समतोल राखायला हवा.

११ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२

पहिलं भोक. लाकडी फळीवर पेन्सिलीनं खूण केली, दांडा ओढला. बाबा खुर्ची जवळ घेऊन बसले होते. बिट खुणेवर टेकलं, थोडं फिरायला गेलं आणि शेजारी आत शिरलं. शेजारी म्हणजे फार लांब नाही.

बाबांनी फळी मागितली. थरथरत्या हातात ती इतकी हलत होती की काही दिसणं शक्य नव्हतं. तरी पाहिली. मग विचारलं, हे तू पाडलंस की उंदरानं?

विनोदबुद्धी शाबूत आहे हे पाहून समाधान वाटलं.

१४ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.३०

ऑफिसात मोठी संधी. आमचं ऑफिस नव्या इमारतीत जातंय. ऐंशी कपाटं, ऐंशी चाव्या. साहेब म्हणाले, चाव्यांना नंबराचे बिल्ले लागतील, बाजारातून प्लॅस्टिकचे मागवा. मी उभा राहिलो. म्हणालो, सर, प्लॅस्टिक कशाला, पितळी करून देतो, माझं घरी वर्कशॉप आहे.

खोलीत शांतता पसरली. आवक-जावक विभागात एकोणतीस वर्षं काढली, माझ्या बोलण्यानंतर अशी शांतता कधी पसरली नव्हती. साहेबांनी विचारलं, तुमचं? माझ्या शेजारी बसतो तो फुलस्टॉप (दिवसाला एक वाक्य बोलतो, म्हणून हे नाव) हळूच म्हणाला, चष्म्याचं झालं होतं तसं नको व्हायला. त्याचं आजचं वाक्य त्यानं वाया घालवलं.

तीन आठवड्यांची मुदत.

१८ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११

कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून रुपयाएवढ्या गोल पितळी चकत्या आणल्या. शंभर. वीस जास्तीच्या, भेट द्यायला.

काम सोपं: ठोकून नंबर उमटवायचा, वरच्या कडेला मधोमध एक भोक पाडायचं, त्यात कडी. दिवसाला पाच धरले तर सोळा दिवस.

आज अकरा केले. भोकं सगळ्यांना पडली. काहींना मधोमध पडली नाहीत. एकाचं भोक कडेच्या बाहेर गेल्यामुळे त्याला भोक म्हणता येत नाही, खाच म्हणावं लागेल. तीन बिटं मोडली. विजेचा दाब कमीजास्त होतोय. पितळही पूर्वीचं राहिलं नाही.

बाबा म्हणाले, कड्यात प्ले आहे, टूल आत हलतं. डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून कड्यात घाल, आणि भोकाच्या जागी आधी पंच मारून खळगा कर, म्हणजे बिट पळणार नाही. मी त्यांच्या पाया पडल्यासारखं करून सांगितलं की तुमचा काळ वेगळा होता. हे डिझाइन इंजिनिअरांनी केलंय, त्यात डब्याचा पत्रा घालणं म्हणजे त्यांचा अपमान. बाबा हिला म्हणाले, मला आत ने.

२० फेब्रुवारी. संध्याकाळी ८

आज चार. चारही वाकडे. मी स्वतःशी प्रामाणिक आहे, वाकड्याला वाकडं म्हणतो. टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवून दिले. उद्या विचार करू.

काम करताना बाबांच्या खोलीचं दार उघडं होतं. ते कॉटवर बसून माझ्या स्टँडचा आवाज ऐकत होते. बिट घसरलं की डोळे मिटायचे. म्हातारपणी आवाज सहन होत नाही.

२१ फेब्रुवारी. संध्याकाळी ७

चमत्कार म्हणणार नाही, पण नोंद करायलाच हवी.

ऑफिसातून आल्यावर ट्रे पाहिला. कालचे चारही बिल्ले सरळ. भोक मधोमध, कड गुळगुळीत, नंबरसुद्धा एका रेषेत. काल हेच वाकडे होते. चष्मा पुसून पाहिलं. सरळच.

फार विचार केला. उत्तर एकच. बिट फिरताना पितळ तापतं, फुगतं, आणि त्या वेळी भोक वाकडं दिसतं. मग ते हळूहळू निवतं आणि धातू आपल्या जागी बसतो. म्हणजे पितळ मुरतं. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. मला स्वतःलाच सुचलं.

रविवारचे अकराही पाहिले. तेही मुरलेत. खाच होती तिथेसुद्धा आता भोक आहे.

हिला सांगितलं. ती सुई ओवत होती. तिनं दोरा तोंडातून काढला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि आतून बाबांनी हाक मारली म्हणून गेली.

२४ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ९

आता घाई करत नाही, काळजीही करत नाही. संध्याकाळी पाच पाडतो, बघतसुद्धा नाही, ट्रेमध्ये टाकतो. दुसऱ्या संध्याकाळी तयार. एकच बारीकसा त्रास: रोज कड्यात पत्र्याचा एक कपटा अडकलेला सापडतो. पॅकिंगमधला असेल. काढून फेकतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा असतोच.

बाबा हल्ली माझं काम बघायला बाहेर येत नाहीत. पटलेलं दिसतंय.

२७ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.३०

जेवताना बाबांसमोर मुद्दाम सात मुरलेले बिल्ले ठेवले. त्यांनी एकेक उचलून पाहिला. हात थरथरत होता तरी प्रत्येक बिल्ला त्यांनी अंगठ्यानं चाचपला. मग म्हणाले, हात फार हलका आहे. असा हात मी कारखान्यात दोघांचाच पाहिला.

मी घास ताटात परत ठेवला. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा कौतुक झालं. मी म्हणालो, बाबा, तुमचंच रक्त. ते म्हणाले, रक्ताचा काही संबंध नाही.

विनय माझ्यात कुठून आला ते आता कळलं. ही ताटाकडे बघत होती. कान लाल झाले होते. स्वयंपाकघरात फार उकडतं.

५ मार्च. संध्याकाळी ६.४५

ऐंशी बिल्ले साहेबांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी एक उचलला, फिरवला, दिव्याखाली धरला. म्हणाले, हे खरंच तुम्ही केलंत? म्हणालो, हो सर, पितळ मुरू दिलं. ते म्हणाले, काय? मी पूर्ण सिद्धान्त सांगितला. पंधरा मिनिटं. साहेबांनी मध्ये दोनदा घड्याळ पाहिलं, वेळ नोंदवत असावेत.

दुसऱ्या शाखेच्या बाईही तिथे होत्या. त्यांना असेच दोनशे हवेत, आणि पुढे इमारतीतल्या सगळ्या दारांच्या पाट्या. म्हणाल्या, असं नीट काम कुणी करत नाही हल्ली.

फुलस्टॉपनं बिल्ला नखानं चाचपला आणि म्हणाला, घरी आणखी कोण असतं तुमच्या? असं म्हणतात मत्सराला.

११ मार्च, सोमवार. संध्याकाळी ७

दिला. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. कारण या रकान्यात लिहिलं: स्वतःच्या कलेला पूर्ण वेळ देणे.

हिला आधी विचारलं नाही, कारण आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. तो बसला. मशीनचं चाक तिनं हातानं थांबवलं आणि विचारलं, देताय की दिलात? म्हणालो, दिला. ती म्हणाली, तुमच्याशी बोलायचं होतं, आठ दिवस झाले बोलायचं होतं, तुम्ही बसा जरा. मी म्हणालो, आधी माझं ऐक, आणि वर्कशॉपचा आराखडा सांगितला. तिचं शिलाई मशीन आतल्या खोलीत सरकवायचं, खिडकीचा उजेड मला. माझं संपेपर्यंत बाबांच्या जेवणाची वेळ झाली. मग तिचं राहूनच गेलं.

बाबांनाही सांगितलं. त्यांनी फक्त हिच्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. भारावून गेले दोघं.

१५ मार्च, शुक्रवार. दुपारी ३

अर्ज मंजूर. चार दिवसांत. आमच्या ऑफिसात रजेच्या अर्जाला तीन आठवडे लागतात. साहेब म्हणाले, एकतीस तारखेच्या आधी मोकळं व्हायचं असेल तर तेही करून देतो. इतका जिव्हाळा.

आनंद घरी सांगायला अर्ध्या दिवसाची रजा टाकून दीड वाजता आलो. दार नुसतं लोटलेलं होतं.

माझ्या स्टँडसमोर ही बसली होती. केस वर बांधलेले, डोळ्यांवर तो जोडलेला चष्मा. कड्यात तो पत्र्याचा कपटा. बाजूला स्टुलावर बाबा, दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलेले, म्हणजे थरथर टेबलाला लागू नये. बाबा सांगत होते, खळग्यात टेकव. आता सोड. दाबू नकोस, त्याचं तो जाऊ दे. बस. वर घे. तिनं दांडा वर घेतला, चकती उलटी केली, कडेवरून कानस फिरवली. ती खणातली कानस. बाबांच्या तोंडासमोर चकती धरली. बाबा म्हणाले, झकास.

हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मी दारात होतो. दोघांनाही दिसलो. कुणी दचकलं नाही. ही उठून म्हणाली, चहा ठेवते.

१५ मार्च. संध्याकाळी ६

सगळं समजून घेतलं. शांतपणे लिहितो.

हिनं शिलाईच्या कपाटातून बटणांचा डबा काढला आणि माझ्यासमोर ओतला. माझे बिल्ले. ऐंशीच्या ऐंशी. वाकडे, तिरके, एक खाचवाला. रोज दुपारी मी ऑफिसात असताना बाबा सांगायचे आणि ती नव्या चकत्यांवर तेच नंबर ठोकून, नवी भोकं पाडून ट्रेमध्ये ठेवायची. चकत्या तिनं आणल्या, त्याच दुकानातून.

मी विचारलं, मला वाईट वाटू नये म्हणून ना? बाबा म्हणाले, नाही रे. तुला वाईट वाटण्याचं काय. माझ्या घरातून असलं काम बाहेर गेलं असतं, मला बघवत नव्हतं.

मग म्हणाले, हिला कधीच विचारलं नाही मी, याचंच वाईट वाटतं. वीस वर्षं शिलाई करते. कापडावर जिचा हात पळत नाही तिचा पितळावर कशाला पळेल. चार वर्षं मी नुसता भिंतीकडे बघत बसलो होतो.

ही म्हणाली, मी तुम्हाला दोनदा सांगायला आले होते. म्हणालो, मग का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुम्ही पितळ मुरतं म्हणत होता. पुढे काय बोलायचं ते मला सुचेना.

१६ मार्च, शनिवार. सकाळी ७

सकाळी डोकं थंड असतं. मुद्दा असा की स्टँड कुणी आणला? मी. ऑर्डर कुणी आणली? मी. चुकीची भोकं कुणी पाडली, ज्यामुळे बरोबर भोकांची गरज निर्माण झाली? तेही मीच. याला व्यवस्थापन म्हणतात.

मात्र अर्ज मागे घेतलेला बरा. दोन्ही आघाड्या सांभाळता येतील.

१८ मार्च. संध्याकाळी ७

साहेबांना भेटलो. म्हणालो, सर, अर्जाबद्दल थोडा फेरविचार. ते म्हणाले, अहो, आदेश वर गेला. म्हणालो, खाली आणता येईल. ते म्हणाले, येईल, पण कशाला? तुमच्या टेबलाचं काम आम्ही फुलस्टॉपकडे दिलं. (साहेबसुद्धा त्याला फुलस्टॉप म्हणतात हे माहीत नव्हतं.) त्याला रोज पाऊण तास जास्त लागतो. फक्त पाऊण तास, आम्हालाच आश्चर्य वाटलं.

मीही आश्चर्य व्यक्त केलं.

३० मार्च, शनिवार. दुपारी ४

निरोप समारंभ. सतरा खुर्च्या, नऊ माणसं. साहेबांनी भाषणात माझ्या पितळी बिल्ल्यांचा उल्लेख केला. एकोणतीस वर्षांतलं तेवढंच लक्षात राहिलं असं म्हणाले. टाळ्या पडल्या. मी उठून आभार मानले. खरं काय ते सांगावं असं एक क्षण वाटलं. पण समारंभाचा विरस झाला असता.

फुलस्टॉप दारापर्यंत आला. त्यानं आजचं वाक्य माझ्यासाठी ठेवलं होतं. म्हणाला, वहिनींना सांगा, काम फार सुंदर आहे.

२ एप्रिल. सकाळी १०

वर्कशॉपचा पहिला दिवस. संचालक या नात्यानं सकाळी बैठक बोलावली. ही आणि बाबा आधीच खिडकीशी बसले होते. शिलाई मशीन आतल्या खोलीत गेलंय, ठरल्याप्रमाणे. खिडकीचा उजेड तिला लागतो म्हणाली.

मी कामाची विभागणी वाचून दाखवली. बाबा म्हणाले, तू बिल्ले पूस.

एक फडकं दिलं. भोकं पाडल्यावर तेल राहतं ते पुसायचं. महत्त्वाचा टप्पा आहे. गिऱ्हाईक सगळ्यात आधी पृष्ठभाग बघतं.

५ एप्रिल. संध्याकाळी ५

बाबांनी मी पुसलेले बिल्ले हिच्याकडे परत पुसायला दिले. बोटांचे ठसे राहतात म्हणे.

९ एप्रिल. सकाळी ११.३०

आज सरळ बोललो. ही बाजारात गेली होती. बाबांना म्हणालो, तिला सांगता तसं मला सांगा. तोच स्टँड, तोच पत्रा, तुमचाच आवाज. एकदा करून बघू द्या.

ते म्हणाले, बस.

बसलो. त्यांनी हात मांडीखाली घेतले. सांगायला लागले. खळग्यात टेकव. टेकवलं. सोड. सोडलं. दाबू नकोस. मी दाबत नव्हतो. म्हणजे मला वाटत होतं, मी दाबत नाहीये. त्याचं तो जाऊ दे, ते म्हणाले, अरे जाऊ दे त्याचं तो. बिट कचकन मोडलं आणि चकती उडून त्यांच्या गुडघ्यावर लागली.

त्यांनी ती वाकून उचलायचा प्रयत्न केला. हात थरथरत होता, चकती बोटांतून सुटत होती. मी उचलून दिली. त्यांनी ती न बघताच बटणांच्या डब्यात टाकली. रागावले नाहीत. मी वाट बघत होतो रागावण्याची. म्हणाले, ती येईल इतक्यात, नवं बिट लावून ठेव. जमेल ना?

जमलं. दोन वेळा उलटं लागलं, मग जमलं.

१२ एप्रिल, शुक्रवार. दुपारी १

दुसऱ्या शाखेच्या बाई दोनशे बिल्ले न्यायला स्वतः घरी आल्या. पाट्यांचं मापही द्यायचं होतं. मी नवा शर्ट घातला होता. दार मी उघडलं.

बाई आत आल्या, खिडकीशी गेल्या, स्टँड बघून हसल्या. म्हणाल्या, या एवढ्याशावर करता? बाबांनी हिच्याकडे बोट दाखवलं. बोट थरथरलं तरी नेमकं तिच्याकडेच होतं. म्हणाले, ही करते. माझी सून. मी फक्त बघतो. बाईंनी हिचा हात हातात घेऊन बोटं पाहिली. ही लाजली. लग्नानंतर तिला लाजताना मी पाहिल्याचं आठवत नाही.

मी पाण्याचा ग्लास घेऊन उभा होतो. बाईंनी वळून पाहिलं. ऑफिसात त्यांनी माझा पंधरा मिनिटांचा सिद्धान्त ऐकला होता, त्यामुळे ओळखतील अशी खात्री होती. त्या म्हणाल्या, आणि हे?

बाबा म्हणाले, हा माझा मुलगा. ऑफिसात असतो. आज सुट्टी असेल.

बाबांचं डोकं पक्कं आहे. काय बोलतात ते त्यांना नेमकं ठाऊक असतं. हिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, मग पाट्यांचं माप लिहून घ्यायला कागद ओढला. मी बाईंना पाणी दिलं. हो म्हणालो, आज सुट्टी.

१५ एप्रिल, सोमवार. संध्याकाळी ६.१५

सकाळी साडेनऊला आंघोळ करून कपडे केले. हिनं विचारलं नाही कुठे ते. डबा भरून दिला. बाबा स्टुलावर बसलेच होते, मला जायला वाट मिळावी म्हणून पाय जवळ घेतले.

बसस्टॉपच्या मागच्या बागेत एक बाक आहे, तिथे बसलो. एक वाजता डबा खाल्ला. साडेपाचला उठलो.

उद्या छत्री न्यायला हवी. दोननंतर त्या बाकावर ऊन येतं.